पिल्लू गोजिरवाणे, कार्ड खोटे

२०२३ साली अधिक मास आल्याने श्रावण दोन महिने चालला. त्यातल्या निज श्रावणातली, ऑगस्टअखेरची ही गोष्ट. संध्याकाळचे पेशंट संपत आले होते. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि कंपाउंडरने अर्धे शटर ओढून घेतले होते. तेवढ्यात आमच्या गावातल्या प्राथमिक शाळेचे एक गुरुजी आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आत आले. मुलीच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता आणि त्यावर हळदीचा पिवळा डाग उमटला होता.

"विशेष काही नाही, डॉक्टरसाहेब. घरचंच पिल्लू आहे. खेळता खेळता दात लागला. धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं देऊन टाका."

मी रुमाल सोडला. अंगठ्याच्या मुळाशी चार बारीक भोके होती, त्यांतली दोन चांगली खोल. दुधाचे दात सुईसारखे असतात. जखम दिसते लहान, पण आत जाते.

"केवढं आहे पिल्लू?"

"दीड महिन्याचं असेल. शहरातल्या दुकानातून आणलं, बारा हजार देऊन. लस टोचलेली आहे. कार्डही दिलंय त्यांनी."

"चावलं कधी?"

"परवा."

"आणि आता कसं आहे ते?"

गुरुजी गप्प झाले. उत्तर मुलीने दिले. "काका, ते आज सकाळी मेलं."

वाचकहो, या सदरात मी सर्दी-खोकला, मधुमेह, रक्तदाब यांविषयी लिहीत असतो. आज कुत्र्याच्या पिल्लांच्या धंद्याविषयी आणि त्यासाठी असलेल्या कायद्याविषयी लिहिणार आहे. आरोग्याच्या सदरात हा विषय कशासाठी, असे कोणाला वाटेल. शेवटपर्यंत वाचा, म्हणजे त्याचे कारण लक्षात येईल.

पिल्लाला रेबीज होत नाही?

आधी मुलीचे सांगतो. हळद धुऊन काढली आणि तिचा हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायला लावला. हे काम चावल्यावर लगेच, घरीच व्हायला हवे होते. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांतले काहीही जखमेत भरू नये. नंतर रेबीजच्या लसीचा पहिला डोस दिला. जखमेतून रक्त आलेले असल्याने नुसती लस पुरेशी नव्हती. लसीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस लागतात; तोपर्यंत संरक्षण मिळावे म्हणून तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन जखमेच्या आत आणि भोवती द्यावे लागते. त्यासाठी त्याच रात्री दोघांना उपजिल्हा रुग्णालयात पाठवले.

गुरुजींचा चेहरा उतरला होता. "एवढ्याशा पिल्लाला कसला रेबीज, डॉक्टरसाहेब?" त्यांनी विचारले. हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. पिसाळलेले कुत्रे चावले किंवा आईलाच रेबीज झालेला असला, तर पिल्लालाही तो होतो. वय लहान म्हणून विषाणू सूट देत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचत नाही, असेच समजून चालावे. मात्र लक्षणे दिसण्यापूर्वी लस पूर्ण घेतली तर हा आजार हमखास टाळता येतो. पोटात चौदा इंजेक्शने घ्यायचे दिवसही केव्हाच सरले. लस आता दंडात दिली जाते आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ अशा दिवशी ती घ्यायची. पाचही वेळा जायचे. "आता बरं वाटतंय" म्हणून मध्येच सोडायची नाही.

चावलेले कुत्रे दहा दिवस ठणठणीत राहिले तर काळजी मिटते. इथे पिल्लू तिसऱ्याच दिवशी मेले होते आणि गुरुजींनी ते परसात पुरूनही टाकले होते. मेंदूची तपासणी केल्याशिवाय रेबीज नव्हता असे खात्रीने म्हणता येत नाही. त्यामुळे सगळे डोस घेण्यावाचून पर्याय नव्हता.

कार्ड काय सांगत होते

दुसऱ्या दिवशी गुरुजी कार्ड घेऊन आले. गुळगुळीत कागद, वर हसऱ्या कुत्र्याचे चित्र आणि आत तारखांचे तक्ते. मी ते आमच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मित्राला दाखवले. त्यांनी चष्मा वर केला आणि एकच प्रश्न विचारला, "पिल्लाची जन्मतारीख कुठली लिहिली आहे?"

जन्मतारीख आणि रेबीजची लस यांत तीस दिवसांचे अंतर होते. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि चार महिन्यांचे होईपर्यंत तिचे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसीचा परिणाम होऊ देत नाही. या कार्डावर मात्र महिन्याच्या पिल्लाला एकाच दिवशी सर्व लसी टोचल्याची नोंद होती. लसीच्या बाटलीवरचे लेबल सोलून कार्डावर चिकटवायची पद्धत आहे. त्या जागा रिकाम्या होत्या. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या होत्या. खाली एक सही होती, पण डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नव्हता.

"पिल्लाला हगवण लागली होती का? रक्ताची? फार घाण वास येणारी?" मित्राने विचारले. गुरुजींनी मान हलवली. "मग बहुतेक पार्व्हो. दुकानातून येतानाच घेऊन आलं असणार."

पार्व्हो हा कुत्र्यांचा आतड्याचा रोग. लक्षणे दिसायला तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे दुकानात पिल्लू उड्या मारते आणि घरी आणल्यावर झोपते. तो माणसाला होत नाही. पण गर्दीत, घाणीत वाढलेले पिल्लू माणसाला होणारे दुसरे रोग घरी आणू शकते. आईच्या अंगातले जंत गर्भातच पिल्लात शिरतात, म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून जंताचे औषध द्यायचे असते. ते दिले नाही तर विष्ठेतून अंडी अंगणातल्या मातीत पडतात, मातीत खेळणाऱ्या मुलांच्या तोंडात जातात आणि त्यांतल्या अळ्या यकृतापर्यंत, फुप्फुसापर्यंत, क्वचित डोळ्यापर्यंत पोचून नजर अधू करतात. नायटा आणि खरूज तर अंगाला अंग लागले की येते. लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या लघवीतून पसरू शकतो.

आणखी एक गोष्ट मित्राने सांगितली, ती मलाही नवी होती. पिल्ले एकमेकांना चावतात, चावा जोराचा बसला की समोरचे पिल्लू ओरडते आणि खेळ थांबतो. आईही दटावते. किती जोराने चावायचे याचे शिक्षण पिल्लाला असे मिळते. महिन्याभरातच आईपासून तोडलेल्या पिल्लाचे हे शिक्षण अर्धे राहते. मग ते मुलांच्या हातावर शिकते.

पत्र्याच्या शेडमध्ये

मित्र गप्प बसणारे नव्हते. दुकानातल्या पोऱ्याकडून त्यांनी माल कुठून येतो ते काढून घेतले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गणपती बसायच्या आधी, ते, मी आणि ओळखीचे एक हवालदार असे तिघे गेलो. छापा वगैरे काही नव्हता. मालकाने स्वतःच दार उघडले.

शेड पूर्वीचे अंड्यांच्या कोंबड्यांचे होते. तारेचे पिंजरे कापून, जोडून मोठे केलेले. तळाला जाळीच, म्हणजे घाण खाली पडावी आणि धुवायचे कष्ट वाचावेत. आम्ही बावीस माद्या मोजल्या. लॅब्राडोर, पामेरियन, पग. काहींची आचळे जमिनीला टेकतील इतकी ओघळलेली. एक मादी जागच्या जागी गोल फिरत होती. आम्ही तासभर होतो, तेवढा वेळ फिरत होती. पिल्ले एका बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांत. वास असा की हवालदारसाहेबांनी रुमाल लावला.

मालक कोणी राक्षस नव्हता. साधा शेतकरी माणूस. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली आणि पोल्ट्रीवाल्यांचे दिवाळे निघाले, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. हा त्यांतलाच. मग टाळेबंदीत घरी बसलेली माणसे कुत्री पाळू लागली. "डॉक्टर, कोंबडीनं बुडवलं आणि कुत्र्यानं तारलं," तो म्हणाला. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, दोन्ही वेळा भरवायची. पिल्ले महिन्याची झाली की दलाल उचलतो. दलाल दुकानाला देतो, नाहीतर मोबाइलवर फोटो पाठवून गिऱ्हाईक पटवतो आणि खोक्यात घालून ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकतो.

"लस कोण टोचतं?" मित्राने विचारले.

"ते दलालाकडं असतं."

दलालाला नंतर फोन केला, तर तो म्हणाला, "मालकच टोचून देतो ना!" कार्डे मात्र दलालाकडून गठ्ठ्याने येत होती. कोरी.

कायदा आहे, पण...

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. नृत्यांगना आणि राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत पाठपुरावा केला आणि त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या कलम ११ नुसार जनावराला हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे, पुरेसे अन्नपाणी न देणे, हाल झालेले जनावर विकायला काढणे हे सगळे गुन्हे आहेत. २०१७ साली केंद्र सरकारने खास कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिची पैदास करायची नाही. वर्षातून एकाहून जास्त वेळा नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवायची, नोंदी ठेवायच्या. २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही नोंदणीचे नियम आले.

म्हणजे त्या शेडमध्ये आणि त्या दुकानात कायद्याने करायला सांगितलेले काहीच नव्हते, आणि करू नका म्हटलेले सगळे होते. मग अडले कुठे? मी आणि मित्राने पुढचे तीन महिने जे पाहिले ते क्रमाने सांगतो.

पहिली अडचण पोलीस ठाण्यात कळली. कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. लहान पिंजरा, उपासमार, सगळे अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हवालदारसाहेब मनाने आमच्याबरोबर होते, पण त्यांचे हात बांधलेले होते.

दुसरी अडचण दंडाची. पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. नियम मोडले तर १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. १९६० साली पन्नास रुपयांना वजन होते. २०२३ सालीही आकडा तोच होता. दंड वाढवण्याचा मसुदा केंद्राने २०२२ साली लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता, पण आम्ही ठाण्यात उभे होतो तेव्हा पुस्तकात जुनेच आकडे होते. शेडच्या मालकाला आम्ही आकडा सांगितला तेव्हा तो हसलाही नाही. नुसते म्हणाला, "पिल्लाच्या पट्ट्याला जास्त पडतात."

तिसरी अडचण, सोडवलेले प्राणी ठेवायचे कुठे? बावीस माद्या, तीन नर आणि खोक्यांतली पिल्ले. जप्तीतल्या जनावरांची देखभाल कोणी आणि कोणाच्या खर्चाने करायची याचेही नियम २०१७ साली झाले आहेत. पण आमच्या भागातला पांजरपोळ गायीगुरांचा. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असा २००१ चा नियम आहे. आमच्याकडे तिची पाटी होती, पिंजरे नव्हते. आणि ज्यांनी तपासणीला जायचे त्या पशुवैद्यकांकडे तालुक्यात चार दवाखाने आणि माणसे दोन. त्यात त्याच वर्षी लम्पीच्या लसीकरणाची धावपळ.

चौथी अडचण सर्वांत मोठी, आणि तिच्यात मीही आहे. मित्राने डोके चालवले. प्राण्यांचा कायदा दुबळा असेल, पण खोटे कार्ड देऊन पैसे घेणे ही फसवणूक आहे आणि फसवणूक दखलपात्र गुन्हा आहे. ठाणेदारांनाही ते पटले. त्यांनी विचारले, "पावती आहे का?" पावती नव्हती. बारा हजार रोख दिले होते. कार्डावर दुकानाचे नाव नव्हते. दुकानदार म्हणाला, मी या गृहस्थांना ओळखतच नाही. मग उरला गुरुजींचा जबाब. गुरुजी हात जोडून म्हणाले, "साहेब, माझी मुलगी बरी आहे. कोर्टाच्या पायऱ्या नकोत." मला त्यांचा राग आला. पण ठाण्यातून मलाही निरोप आला होता, की जखमेबाबत जबाब द्यायला या. डेंग्यूचे दिवस, दवाखाना भरलेला. "पुढच्या आठवड्यात येतो," असे मी तीन वेळा सांगितले.

गणपती आले, गेले. ईदचा बंदोबस्त, नवरात्र, नोव्हेंबरात ग्रामपंचायतींच्या निवडणुका, लगेच दिवाळी. डिसेंबरात मी एकदाचा वेळ काढून ठाण्यात गेलो, तेव्हा कारकुनाने पाचवी अडचण सांगितली. या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. आम्ही शेड पाहिले त्याला तीन महिने होऊन गेले होते. नव्याने सुरुवात करायची तर नव्याने पाहून यावे लागणार होते. आम्ही गेलो. शेड रिकामे होते. मालकाने बिऱ्हाड शेजारच्या तालुक्यात हलवले होते, असे कोणी म्हणाले.

पोलीस, पशुवैद्यक, दुकानदार, मालक यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण तीन महिन्यांच्या मुदतीतले तीन आठवडे माझ्या "पुढच्या आठवड्यात" मध्ये गेले, हे मी विसरू शकत नाही.

पुढारलेल्या देशांतही

हे आपल्याकडेच होते असे समजू नका. अमेरिकेत अशा जागांना पिल्लांच्या गिरण्या म्हणतात. तिथे १९६५ साली पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री घरून चोरीला गेली आणि प्रयोगशाळेत मेली. त्यावरून देशभर गदारोळ झाला आणि १९६६ साली प्राणी कल्याण कायदा आला. पुढे १९७० साली पाळीव प्राण्यांचे घाऊक पैदासकारही त्याच्या कक्षेत आले. नोंदणी आणि तपासनीस तिथे आहेत. तरीही २०१० साली त्यांच्याच कृषी खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला, की तपासनीस पुन्हा पुन्हा नियम मोडणाऱ्यांना सांभाळून घेतात आणि पुरेसे पुरावे गोळा करीत नाहीत. त्याच वर्षी मिझुरी राज्यात लोकांनी मतदान करून एका पैदासकाराकडे पैदाशीची पन्नासहून जास्त कुत्री नसावीत असा कायदा केला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने ती मर्यादा काढून टाकली.

इंग्लंडने वेगळा मार्ग धरला. वेल्समधल्या अशाच एका ठिकाणाहून २०१३ साली सोडवलेल्या लुसी नावाच्या कुत्रीच्या नावाने तिथला नियम ओळखला जातो. एप्रिल २०२० पासून तिथे सहा महिन्यांच्या आतले पिल्लू दुकानदाराला किंवा दलालाला विकता येत नाही. पिल्लू घ्यायचे तर जिथे ते जन्मले तिथे जायचे आणि आईसोबत पाहायचे. यातले मर्म मला पटते. सरकारचा तपासनीस वर्षातून एकदा येणार, पण गिऱ्हाईक रोज येते. आई दाखवावी लागली तर शेड लपवता येत नाही.

आपण काय करायचे

हे करायला कायदा बदलायची वाट पाहायला नको. पिल्लू आणायचे असेल तर पुढच्या गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, पिल्लाची आई पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नये. "आई गावाला आहे", "फोटो पाठवतो" असे उत्तर मिळाले तर तिथून निघावे. फोटो पाहून, गाडीने मागवून पिल्लू घेणे तर टाळावेच.

दुसरी गोष्ट, पैदास करणाऱ्याचा आणि दुकानाचा राज्य प्राणी कल्याण मंडळाकडचा नोंदणी क्रमांक विचारावा. विचारणारे दहा जण निघाले की अकराव्याच्या आधी पाटी लागते.

तिसरी गोष्ट, पावती घ्यावी. तीवर विकणाऱ्याचे नाव, पत्ता, पिल्लाची जन्मतारीख आणि रक्कम असावी. पैसे रोख देऊ नयेत. पावती हाती असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येते, पोलिसांकडे जाता येते. नसेल तर काय होते, ते वर वाचलेच आहे.

चौथी गोष्ट, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू फुकट मिळाले तरी घेऊ नये. लसीच्या कार्डावर बाटलीचे लेबल आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक पाहावा. पिल्लू आणल्यावर पहिल्याच दिवशी आपल्या गुरांच्या दवाखान्यात दाखवावे आणि लस नव्याने ठरवून घ्यावी.

पाचवी गोष्ट माणसांसाठी. पिल्लू चावले, ओरबाडले, जखम चाटली, तर पंधरा मिनिटे साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे या. पिल्लाचे कार्ड असो वा नसो. देशातून कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा आराखडा केंद्र सरकारने २०२१ साली जाहीर केला आहे. अशा खोट्या कार्डांवर विसंबून तो संपणार नाही.

आणि शेवटची गोष्ट माझ्यासारख्यांसाठी. असे शेड दिसले तर फोटो काढा, तारीख लिहा, लेखी अर्ज पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि जबाबाला बोलावले की जा. त्याच आठवड्यात जा. मुदत तीन महिन्यांचीच असते.

गुरुजींच्या मुलीचे पाचही डोस वेळेवर झाले. ती आता शहाणी झाली आहे, शाळेला सायकलवरून जाते. शेडवर गेलो होतो त्या दिवशी मित्राने मालकाकडून एक म्हातारी पामेरियन मागून घेतली होती. ती व्यायची थांबली होती, म्हणून मालकाने खुशाल देऊन टाकली. गुरांच्या दवाखान्याच्या आवारात तिला सोडले, तर ती गवतावर पाय टेकवेना. जन्मभर जाळीवर उभी होती, माती तिला ठाऊकच नव्हती. चार दिवस ती दारातल्या फरशीवरच बसून राहिली.

गुरुजींची मुलगी अधूनमधून तिला पाहायला जाते. परवा तिने मला विचारले, "काका, त्या दुकानात अजून पिल्लं मिळतात का?" मी म्हटले, मिळतात.

"मग तुम्ही पुन्हा पोलिसांकडे कधी जाणार?"

या आठवड्यात जाऊन आलो. अर्जाची पोच माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. दवाखान्यात आलात तर जरूर पाहा.